उपग्रहचित्रांतून आपला परिसर कसा वाचावा: सुरुवात नागपूरपासून

एप्रिलमधलं पेंचच्या जंगलाचं उपग्रहचित्र पहिल्यांदा बघणाऱ्याच्या काळजात धस्स होतं. नोव्हेंबरच्या चित्रात गर्द हिरवं दिसलेलं जंगल आता करडं-तपकिरी, मधेमधे उघडंबोडकं. जंगल तोडलं की काय? तोडलेलं नसतं. पेंचमध्ये साग भरपूर आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर साग पानं गाळतो. पावसाळ्यात तेच जंगल पुन्हा भरून येतं. आकाशातून काढलेलं चित्र खोटं बोलत नाही, पण झाडं पानं कधी गाळतात हेही ते सांगत नाही. ते आपल्याला ठाऊक असावं लागतं. म्हणून हे काम नागपूरच्या माणसाने नागपूरपासूनच सुरू करावं.

आधी एक जागा ठरवा

सगळी पृथ्वी बघायला बसू नका. पायांना ओळखीची असलेली एकच जागा निवडा. तुमचं शेत, अंबाझरी, गोरेवाडा किंवा तोतलाडोहचा जलाशय. जागा फार लहान नको. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रात एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतो. एका एकरात असे साधारण ४० ठिपके बसतात, त्यामुळे शेत चांगलं दिसतं. शहरातून वाहणारी नाग नदी मात्र इतकी अरुंद आहे की तिचं पाणी आणि काठ एकाच ठिपक्यात मिसळतात. तिच्यापासून सुरुवात केलीत तर निराशाच पदरी पडेल. मी तोतलाडोह सुचवेन. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंच प्रकल्पाचं आहे, तोतलाडोह त्याच प्रकल्पातलं धरण, आणि जलाशय मोठा असल्याने त्यातली घट-वाढ नवशिक्यालाही कळते.

चित्र उघडा

कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा. बघायला पैसे लागत नाहीत. शोधखिडकीत नागपूर टाका, किंवा अक्षांश २१.१५ आणि रेखांश ७९.०९. तिथून उत्तरेकडे सरकलात की मध्य प्रदेशच्या सीमेवर तोतलाडोह दिसेल. सेंटिनेल-२ निवडा, ढगांची मर्यादा २० टक्क्यांवर आणा आणि तारीख निवडा. हे उपग्रह जोडीने फिरतात, त्यामुळे साधारण दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात. जून ते सप्टेंबर मात्र बहुतेक वेळा नुसते ढगच मिळतील. ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम.

रंग बदलून बघा

पहिलं चित्र नैसर्गिक रंगांत येईल, डोळ्यांना दिसतं तसं. ते मिनिटभर बघा आणि ‘फॉल्स कलर’ निवडा. खरी गंमत इथे आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. या चित्रात तोच प्रकाश लाल रंगाने दाखवलेला असतो. त्यामुळे जिथे जोमदार हिरवळ तिथे भडक लाल. पाणी हा प्रकाश गिळून टाकतं, म्हणून ते काळं किंवा गडद निळं.

मे महिन्यातलं काटोल-नरखेड असं बघा. कापूस, सोयाबीन, हरभरा सगळं निघालेलं आणि काळी जमीन उघडी पडलेली. तिच्यात लाल चौकोन उठून दिसतात, त्या संत्र्याच्या बागा. संत्र्याचं झाड वर्षभर हिरवं असतं. भर उन्हाळ्यात एखाद्या बागेचा लाल रंग दर वर्षी फिका पडत चालला असेल, तर तिथे पाण्याची ओढ आहे का हे जाऊन विचारावं. हीच तपासणी अंबाझरीवरही चालते. पाणी काळं दिसायला हवं, तिथे काठाने लाल पट्टा दिसला तर ती जलपर्णी असू शकते.

दोन चकवे लक्षात ठेवा. ढगाची सावली हुबेहूब तळ्यासारखी काळी दिसते, म्हणून जवळच त्याच आकाराचा पांढरा ढग आहे का ते बघा. दुसरा चकवा आपल्याकडचाच. उमरेडकडच्या कोळशाच्या उघड्या खाणी आणि ओली काळी जमीनही गडद दिसते. शंका आली तर दुसऱ्या तारखेचं चित्र लावा. सावली हलते, पण खाण जागची हलत नाही.

त्याच महिन्याशी तुलना करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: मेची तुलना मेशीच करा. नोव्हेंबरशी मे ताडून बघितलात तर दर वर्षी दुष्काळ पडल्यासारखं दिसेल.

ब्राउझरमध्ये आवडलेलं चित्र ‘पिन’ करता येतं. दोन वर्षांची दोन चित्रं पिन करा, ‘कंपेअर’ उघडा आणि मधली पट्टी डावी-उजवी सरकवा. तोतलाडोहसाठी मे किंवा जून २०१९ हा काळ जरूर घ्या. त्या वर्षी पाऊस लांबला आणि जुलैत नागपुरात एक दिवसाआड पाणी आलं. शेजारी दुसऱ्या कुठल्याही वर्षाचा तोच महिना लावा आणि काठाभोवतीचा उघड्या जमिनीचा फिकट पट्टा किती रुंद आहे ते बघा. मग पेंच नदीचा माग काढत वर छिंदवाड्याकडे जा. तिथे चौराईजवळ माचागोरा धरणाचा जलाशय दिसेल. २०१० च्या चित्रात तो नाही. आपल्या नळाचं पाणी कुठे कुठे अडतं हे मला या दोन चित्रांइतकं दुसऱ्या कशाने समजलं नाही.

२०१० चं चित्र सेंटिनेलकडे मिळणार नाही, कारण तो २०१५ पासूनचा. त्याआधीसाठी अमेरिकेचा लँडसॅट. पहिला लँडसॅट १९७२ मध्ये गेला आणि २००८ पासून त्याची चित्रं सर्वांना मोफत आहेत. ठिपका ३० मीटरचा, म्हणून थोडं धूसर दिसतं. नुसतं शहर कसं पसरलं हे बघायचं असेल तर गूगल अर्थचं टाइमलॅप्स पुरेसं आहे. मिहान आणि वर्धा रोडचा भाग १९८४ पासून एकदा चालवून बघा.

हवामानासाठी वेगळा उपग्रह

सेंटिनेल आणि लँडसॅट पावसाची बातमी देणार नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून शहरात पूर आला, तो काही तासांत ओसरलाही. पाच दिवसांनी फेरी मारणाऱ्याच्या हाती असा पूर क्वचितच लागतो. त्यासाठी एकाच जागी रोखून बघणारा उपग्रह हवा. आपले इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस सुमारे ३६,००० किलोमीटरवरून भारतावर सतत नजर ठेवतात. त्यांची ताजी चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आणि इस्रोच्या मॉस्डॅकवर मिळतात.

चित्रावरची वेळ आधी नीट वाचा. ती बहुधा जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. ०९०० लिहिलं असेल तर आपले दुपारचे अडीच वाजलेले असतात. मग अवरक्त चित्र उघडा. त्यात जितकं पांढरं तितका ढगाचा माथा थंड, म्हणजेच उंच. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी एखादा पांढरा ठिपका उमटतो आणि पुढच्या दोन-तीन चित्रांत फुगून ताटाएवढा होतो. तो वादळी ढग. गहू कापणीला आलेला असताना असा ढग आपल्या दिशेने सरकताना दिसला तर झाकपाक करायला घ्यावी. पाऊस नेमका कुठे पडतोय हे मात्र नागपूरच्या डॉप्लर रडारच्या चित्रात बघा, आणि विजांसाठी मोबाइलमध्ये दामिनी ॲप ठेवा.

वणव्यांसाठी नासाचं फर्म्स हे संकेतस्थळ आहे. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, तेव्हा जंगलपट्ट्यात लाल खुणा वाढलेल्या दिसतात. एक खूण सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनाची असते. तेवढं सगळं जळालं असा तिचा अर्थ नाही.

वही घ्या आणि जागेवर जा

एक साधी वही करा. तारीख, उपग्रह, काय दिसलं आणि त्यावरचा तुमचा अंदाज. मग प्रत्यक्ष जाऊन काय आढळलं ते समोर लिहा. सेंटिनेल-२ आपल्यावरून सकाळी पावणेअकरा ते अकराच्या सुमारास जातो. मागच्या चित्राच्या तारखेत पाच दिवस मिळवले की पुढची फेरी बहुधा कळते. त्या सकाळी तळ्याच्या काठावर उभं राहून पाणी कोणत्या दगडापर्यंत आहे, जलपर्णी कुठवर आली आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या. एक-दोन दिवसांत त्याच क्षणाचं वरून काढलेलं चित्र ब्राउझरवर येईल. दोन्ही शेजारी ठेवा आणि तुमचा दगड कोणत्या ठिपक्यात आहे ते शोधा.