‘एकच प्याला’ जुन्या टीव्हीसारखं शूट करताय? आधी तयारी बघा

गोव्यात फोंड्याकडच्या देवळांच्या उत्सवात ज्यांनी नाटकं केलीत त्यांना पाठांतर, पेटी-तबला, कपडेपट काही सांगायला नको, ते सोडतो. पण 1972 साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाच्यासारखं करायचं असेल, ब्लॅक अँड व्हाइट, स्टुडिओत दोन-तीन कॅमेरे, अंक सुरू झाला की मध्ये थांबायचं नाही, तर पहिलं काम म्हणजे पात्राला एका सेटवरून दुसऱ्या सेटवर पळायला वेळ ठेवा. आमचं मागच्या वेळी हेच राहिलं. स्टेजवर पडदा पडतो, पेटीवाला दोन मिनिटं भरून काढतो. इथं पडदा नाही. दारुड्या तळीरामाच्या कंपूत पीत बसलेला नायक सुधाकर पुढच्याच शॉटला घरी हवा, केस विस्कटलेले, कोट मळलेला, आणि तो अजून केबल ओलांडतोय! तेवढा वेळ कॅमेरा कशावर? त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या जात्यावर ठेवा. खुंट्यावरचा हात, पाळूखालून पडणारं पीठ, वीस सेकंद सहज जातात आणि घराची काय दशा झालीय तेही न बोलता कळतं. पण हे स्क्रिप्टमध्ये लिहा, तोंडी ठरवू नका. प्रत्येक प्रवेशाखाली लिहायचं, कोण पळणार, कुठून कुठे, किती सेकंद, तोवर काय दिसणार.

मग कापाकापी. नाटक पाच अंकी, 1919 साली गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला तो काळच वन्समोअर घेत पदं ऐकण्याचा, तुमच्याकडे फार तर दीड तास. पदं निम्मी करा. स्वगतं छाटा, क्लोजअपमध्ये तोंडावर दिसतंय ते परत कशाला बोलायचं. तळीरामाचे विनोदी प्रवेश मात्र विनोदी म्हणून सरसकट उडवू नका, कृपा करून नका. सुधाकर पायरी पायरीनं घसरतो ते त्या संगतीतच दिसतं, ते काढलंत की तो एकदम दारुडा होतो आणि मग सिंधूचं दुःख कुणाला लागत नाही.

आणि कापाकापी झाली की पळायचे सेकंद परत मोजा, कारण मधला प्रवेश गेला की तो वेळही गेला.

लुगडं लाल आणि काठ हिरवे असतील तर दोन्ही एकाच करड्या रंगात जातात, कॅमेऱ्यावर आधी बघून घ्या. पांढरंशुभ्र धोतर लाइटखाली नुसतं चमकतं, चहाच्या पाण्यातून काढा. चौकट 4:3, म्हणजे आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद, त्यामुळे सुधाकर आणि त्याचा मित्र रामलाल जवळजवळ उभे करा, स्टेजच्या दोन टोकांना नाही. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत फेकायची सवय मोडा. पावसाळ्यात पत्र्याचा हॉल घेऊच नका. मेकअप हलका. माइकची सावली बघा. जेवणाचं कुणावर तरी सोपवा.

शेवटची तालीम पूर्ण कपड्यात, केबल जमिनीवर टाकून, घड्याळ लावून. सुधाकरला खरंच पळवा. नुसतं ‘येतो मी वेळेत’ म्हणाला तर ऐकू नका.