लायसन आहे, पण गाडी येत नाही त्यांच्यासाठी

माझं लायसन नऊ वर्षं कपाटात पडून होतं. ड्रायव्हिंग स्कूलला पंधरा दिवस गेले होते, टेस्ट पास झाले होते, घरी पेढेही वाटले होते. मग पहिल्यांदा आमची वॅगन आर घेऊन एकटी बाहेर पडले. पार्किंगपासून गेटपर्यंत गाडी चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा वॉचमनने ढकलून परत आत लावून दिली. त्यानंतर मी स्कूटीवाली ती स्कूटीवालीच राहिले.

शेहेचाळिसाव्या वर्षी सासऱ्यांनी शिकवलं. त्यांना घरात सगळे आण्णा म्हणतात, जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "त्या शाळेच्या गाडीत मास्तरच्या पायाशी काय होतं बघितलंस का?" मी कशाला बघतेय! तिथे दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असतो. म्हणजे पंधरा दिवस मी स्टिअरिंग फिरवत होते आणि गाडी निघत होती मास्तरांच्या पायावर. माझ्या डाव्या पायाला काहीच येत नव्हतं. तुमचंही असंच झालं असेल तर स्टिअरिंग, सिग्नल, आरसे हे सगळं तुम्हाला येतंच. राहिलाय तो फक्त डावा पाय. म्हणून इथे जास्त जागा त्यालाच देते.

आधी बसणं. क्लच पार तळापर्यंत दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. माझी उंची पाच फूट, मी खाली पातळ उशी घेते, लाज कसली त्यात. उंच टाचेची सँडल नको, सुटी चप्पलही नको. पायाखालची मॅट सरकून पेडलमध्ये जात नाही ना बघा, आणि पाण्याची बाटली खाली ठेवू नका. ती गडगडत ब्रेकखाली गेली तर ब्रेक दबतच नाही. ओढणी असेल तर कमरेला खोचून टाका.

आता इंजिन बंद ठेवून गिअर. क्लच दाबायचा आणि न बघता गिअर टाकायचे, पन्नास वेळा. न्यूट्रलमध्ये दांडी सोडली की ती आपोआप मध्ये, तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येते. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळवा शेजारच्या सीटकडे ढकलायचा. तिसऱ्या-चौथ्यासाठी काहीच ढकलायचं नाही, नुसतं वर किंवा खाली. पाचव्यासाठी स्वतःकडे ओढून वर. पाचव्यातून चौथ्यात येताना सरळ खाली ओढायचं, घाईत हात डावीकडे गेला तर थेट दुसरा पडतो आणि गाडी किंचाळते. रिव्हर्स प्रत्येक गाडीत वेगळीकडे असतो. काहींत पाचव्याच्या खाली, काहींत दांडीखालची रिंग उचलून पहिल्याच्या शेजारी. दांडीवरचं चित्र एकदा नीट बघा. न्यूट्रल आहे की नाही हे दांडी डावी-उजवी हलवून कळतं. सैल हलली तर न्यूट्रल.

आणि आता क्लच. आण्णांनी मला दोन ताटल्या हातात घेऊन दाखवलं. एक ताटली इंजिनाची, ती सतत फिरतेय. दुसरी चाकांकडे जाणारी, ती उभी आहे. क्लच दाबला की ताटल्या लांब. सोडला की एकमेकींना चिकटतात. फिरणारी ताटली उभ्या ताटलीला एकदम चिकटली तर दोनच गोष्टी होणार, गाडी उडी मारणार नाहीतर इंजिन गप्प बसणार. आपल्याला हवी मधली जागा, जिथे ताटल्या एकमेकींवर घासतात आणि उभी ताटली हळूहळू फिरायला लागते. त्यालाच म्हणतात हाफ क्लच.

तो शोधायचा कसा? सपाट, मोकळी जागा बघा. आम्ही साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका रस्त्यावर सकाळी साडेसहाला जायचो, कुत्र्यांशिवाय कोणी नसायचं. गाडी चालू, क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर, हँडब्रेक खाली. उजवा पाय ब्रेकवरून उचलून तसाच हवेत ठेवायचा, ॲक्सिलेटरला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. डाव्या पायाची टाच जमिनीवर टेकवा आणि पंजा केसाकेसाने वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, दांडी थरथरते, बॉनेट किंचित मान वर करतं. तिथेच थांबा. पाय अजिबात हलवू नका. मनात एक, दोन, तीन म्हणा. गाडी आपोआप सरकायला लागते, बैलगाडीसारखी. सरकली की उरलेला क्लच सावकाश सोडा. मग क्लच-ब्रेक दाबून थांबा आणि परत तेच.

मी पहिले दोन दिवस फक्त एवढंच केलं. ॲक्सिलेटर नाही, दुसरा गिअर नाही. मला कंटाळा आला, आण्णांना आला नाही. त्यांनी रस्त्यावर खडूने रेघ मारली आणि म्हणाले, "एक हात पुढे जा, थांब." मग परत एक हात. तिसऱ्या दिवशी पायाला ती जागा सापडली, आणि एकदा सापडली की पाय विसरत नाही. आजच्या इंजेक्शनवाल्या, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून इंधन सोडणाऱ्या, पेट्रोल गाड्या ॲक्सिलेटरशिवाय आरामात निघतात, डिझेल तर निघतेच निघते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मात्र थोडी रेस द्यावी लागते. दुसऱ्याची गाडी घेतली तर ही जागा बदलते, क्लचप्लेट झिजत आली की वर सरकते. म्हणून कोणतीही नवी गाडी हातात आली की मी आधी जागेवरच एकदा शोधून घेते.

इथून पुढचं सोपं आहे. निघताना हलकी रेस, हाफ क्लचवर तीन आकडे, मग क्लच सोडा. पहिला गिअर फक्त निघण्यापुरता, दहा-पंधराच्या वेगाला दुसरा टाका. पंचवीस-तीसला तिसरा, चाळिसाच्या आसपास चौथा, पंचावन्नच्या पुढे पाचवा. आकडे घोकू नका, काटा बघत बसलात तर समोरचा रिक्षावाला दिसणार नाही. इंजिन ओरडायला लागलं तर वरचा गिअर, गुरगुरत धक्के द्यायला लागलं तर खालचा. गिअर बदलताना ॲक्सिलेटरवरून पाय आधी उचला, मग क्लच. आणि बदलून झाला की डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा. मी तो सवयीने टेकवून ठेवायचे आणि दोन वर्षांत क्लचप्लेट बदलावी लागली.

थांबताना आधी ब्रेक. वेग पुरता उतरला, गाडी थरथरेल असं वाटलं, की तेव्हा क्लच. बायका असोत की बाप्ये, नवशिका माणूस घाबरला की पहिल्यांदा क्लच दाबतो, आणि गाडी मोकळी सुटून आणखीच पळते. अगदी अचानक कोणी आडवं आलं तर मात्र हिशोब नाही, दोन्ही पाय दाबा.

बंद पडली तर? पडणारच. पोवई नाक्यावर माझी सिग्नल सुटल्यावर पडली आणि मागे आख्खं सातारा हॉर्न वाजवत होतं. क्रम पाठ ठेवा: ब्रेक, क्लच, न्यूट्रल, स्टार्टर, पहिला, निघा. नीट केलं तर पाच-सहा सेकंदांचं काम. गिअरमध्ये असताना क्लच न दाबता स्टार्टर मारला तर गाडी पुढे उडी घेते, आणि पुढे नेमका कोणाचा तरी नवाकोरा बंपर असतो.

चढ. यालाच सगळे घाबरतात. हँडब्रेक ओढून थांबा. पहिला गिअर, थोडी जास्त रेस, हाफ क्लचपर्यंत या. गाडीचं नाक उचललेलं आणि मागचा भाग दबलेला जाणवला की ती आता मागे जाणार नाही. तेव्हाच हँडब्रेक खाली. तो सोडल्यावरही गाडी जागची हलली नाही तर तुम्ही बरोबर केलंत, आता फक्त आणखी रेस द्या. नव्या काही गाड्यांत हिल होल्ड असतं, ते दोनेक सेकंद ब्रेक धरून ठेवतं. पण हँडब्रेकची पद्धत यायलाच हवी. चढावर नुसत्या हाफ क्लचवर गाडी तोलून उभी राहू नका. ताटल्या घासत राहतात, तापतात, आणि जळका वास येतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

मी चढ शिकले यवतेश्वरच्या घाटात. समर्थ मंदिराच्या पुढे कासच्या फुलांच्या पठाराकडे जाणारा हा रस्ता. शिकायला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी चुकूनही जाऊ नका, तेव्हा तिथे हाफ क्लचवर अख्खी रांग सरकत असते. एरवी साध्या दिवशी सकाळी जा. वळणाच्या आधीच दुसरा टाका, वळणात गिअर बदलायला हात मोकळा नसतो. अरुंद जागी वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे.

उतरताना आण्णांचं एकच वाक्य: "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर." गिअरमध्ये ॲक्सिलेटरवरून पाय उचलला की चाकं इंजिनाला ओढतात आणि इंजिन गाडीला अडवतं, ब्रेकवर भार कमी येतो. सतत ब्रेक दाबत उतरलं तर ते तापून हलके लागायला लागतात, म्हणजे दाबताय पण थांबत नाही. आमचे हे मात्र उतारावर न्यूट्रल करायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. इंजेक्शनच्या गाडीत उलटंच आहे. गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन पेट्रोल घेणं थांबवतं, न्यूट्रलमध्ये चालू राहायला ते लागतंच. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. आण्णांनी एकदा सांगितलं, तेव्हा पटलं.

रिव्हर्समध्ये तर सगळा खेळ हाफ क्लचचाच, ॲक्सिलेटर जवळजवळ लागत नाही. मान मागे वळवून बघा, कॅमेऱ्यावर जाऊ नका.

लायसनच नसेल तर आधी लर्निंग काढा. ते सहा महिने चालतं, पक्क्याची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. तोवर पुढे-मागे लाल 'एल' आणि शेजारी लायसनवालं माणूस हवं. शेजारी नवरा नको, हे माझं मत. सासरे चालतील.

गाडी चढावर लावायची झाली तर हँडब्रेकसोबत पहिला गिअर टाकून ठेवा, तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स. शिवाय चाकाला दगड. आण्णांनी दिलेला एक चपटा काळा दगड माझ्या डिकीत स्टेपनीशेजारी असतो. गाडी धुवायला दिली की तिथली पोरं तो काढून टाकतात, आणि मी दर वेळी परत मागून घेते.