ब्राउझर चालतो, पिप अडतो: ऑफिसच्या नेटवर्कमागे टूल्स बसवताना

ऐरोली, महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमध्ये नव्याने रुजू झालेल्यांचा पहिला आठवडा बहुतेक वेळा एकाच कामात जातो: लॅपटॉपवर पायथन, नोड, गिट, जावा, डॉकर बसवणं. घरच्या ब्रॉडबँडवर वीस सेकंदांत संपणारी कमांड इथे लाल अक्षरांचा ढीग ओतून थांबते. ब्राउझरमध्ये मात्र तीच साइट नीट उघडते. मग नेट चालू आहे म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं वाटून सॉफ्टवेअर काढायचं, पुन्हा टाकायचं, पुन्हा काढायचं, असं चालू होतं. त्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. टूल धड असतं. टूल आणि बाहेरचा सर्व्हर यांच्यामध्ये कुणीतरी उभं असतं. ते कोण, हे आधी शोधायचं.

कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

एरर वाचायची, पण शेवटची ओळ नव्हे

पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलला, पॅकेजच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही, तर तो पाच वेळा पुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी म्हणतो: 'नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड', आणि त्याच्याच वर 'फ्रॉम व्हर्जन्स: नन'. हे वाचून वाटतं की पॅकेजचं नाव चुकलं, किंवा पायथनची आवृत्ती जुळत नाही. प्रत्यक्षात यादीच हाती आलेली नसते. खरं कारण वरच्या 'रिट्राइंग' असं लिहिलेल्या ओळींच्या पोटात असतं. तिथपर्यंत स्क्रोल करा.

'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट' किंवा 'गेटअ‍ॅड्रइन्फो फेल्ड' दिसलं, तर साइटच्या नावावरून तिचा पत्ताच सापडलेला नाही. ऑफिसच्या बऱ्याच नेटवर्कमध्ये बाहेरच्या नावांचे पत्ते फक्त प्रॉक्सीला (बाहेरची ये-जा ज्याच्यामार्फत होते त्या मधल्या सर्व्हरला) शोधता येतात, लॅपटॉपला नाही, त्यामुळे ही एरर म्हणजे बहुधा टूलला प्रॉक्सी सांगितलेला नाही. 'टाइम्ड आउट' म्हणजे फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) डेटाची पाकिटं मुकाट्याने टाकून देते आहे. इथेही पहिला संशय प्रॉक्सीवरच. 407 म्हणजे प्रॉक्सीपर्यंत पोचलात, पण तो ओळख मागतोय. 403 आणि सोबत एचटीएमएलचा मजकूर आला, तर ती साइट धोरणाने बंद आहे. तिथे सेटिंगशी झटापट करून उपयोग नाही, परवानगीच लागेल. आणि 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड', 'सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन' किंवा जावाचं 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' दिसलं, तर नेटवर्क चालू आहे, फक्त साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, विश्वासाचा प्रश्न आहे. नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो तो हाच प्रकार, म्हणून त्यावर पुढे सविस्तर.

टूल बाजूला ठेवून एकदा कर्लने (टर्मिनलमधून साइटशी जोडणी करणाऱ्या कमांडने) तपासा. विंडोजमध्ये 'कर्ल' एवढंच लिहू नका. जुन्या पॉवरशेलमध्ये ते वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे. 'कर्ल.ईएक्सई' लिहा, पुढे '-व्ही', कॅपिटल '-आय' आणि साइटचा पत्ता. ओळीगणिक दिसतं: नाव सुटलं का, जोडणी झाली का, सर्टिफिकेट पटलं का. जिथे गाडी थांबते तिथेच अडचण. एक लक्षात ठेवा: विंडोजसोबत येणारा कर्ल विंडोजच्याच सर्टिफिकेट साठ्यावर विश्वास ठेवतो. त्यामुळे कर्ल पास आणि पिप किंवा नोड नापास असं दिसलं, तर निदान जवळपास झालंच: टूलला ऑफिसचं सर्टिफिकेट माहीत नाही.

प्रॉक्सी शोधणं आणि सांगणं

ब्राउझर विंडोजची प्रॉक्सी सेटिंग आपोआप उचलतो. टर्मिनलमधली बहुतेक टूल्स उचलत नाहीत. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग प्रॉक्सी उघडा. तिथे थेट पत्ता आणि पोर्ट असेल तर सोपं. स्क्रिप्टचा पत्ता असेल, शेवटी '.पॅक' असलेला, तर ती फाइल डाउनलोड करून नोटपॅडमध्ये उघडा. आत 'रिटर्न' आणि 'प्रॉक्सी' या शब्दांपुढे यंत्राचं नाव आणि पोर्ट, उदाहरणार्थ 8080, लिहिलेला सापडतो. तोच हवा.

मग 'एचटीटीपी_प्रॉक्सी', 'एचटीटीपीएस_प्रॉक्सी' आणि 'नो_प्रॉक्सी' ही तीन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे टूल्स वाचतात ती सिस्टिमची सेटिंग, लावायची. दुसऱ्याची किंमत लिहितानाही पत्ता साध्या 'एचटीटीपी://' ने सुरू करा. नावात 'एस' आहे म्हणून किमतीतही 'एस' टाकला, की 'राँग व्हर्जन नंबर' अशी विचित्र एरर येते, कारण बहुतेक प्रॉक्सी स्वतः साध्या एचटीटीपीवर ऐकतात. 'नो_प्रॉक्सी'मध्ये 'लोकलहोस्ट', 127.0.0.1 आणि ऑफिसच्या आतल्या सर्व्हरांची नावं हवीतच. नाहीतर तुमचं स्वतःचं लोकल अ‍ॅप्लिकेशनही प्रॉक्सीकडे धाव घेतं. लिनक्सवर लहान आणि मोठ्या, दोन्ही अक्षरांत व्हेरिएबल लावा. कर्ल 'एचटीटीपी_प्रॉक्सी' फक्त लहान अक्षरांतलं मानतो. अ‍ॅडमिन म्हणून कमांड चालवणारा 'सुडो' ही व्हेरिएबल सोबत नेत नाही, म्हणून 'सुडो -ई', तेही कॅपिटल.

विंडोजच्या 'सेटएक्स' कमांडने लावलेली व्हेरिएबल आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्यांना कळत नाहीत. व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आतलं टर्मिनल नुसतं नवं उघडणं पुरत नाही.

407 आला तर पत्त्यातच युजरनेम आणि पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्डमध्ये '@' असेल तर तो '%40' असा लिहावा लागतो, '#' म्हणजे '%23', ':' म्हणजे '%3ए'. हे न केल्याने '@' च्या पुढचा भाग यंत्राचं नाव समजला जातो आणि एरर भलतीच येते. पण असा पासवर्ड साध्या अक्षरांत लॅपटॉपवर पडून राहतो आणि दर वेळी बदलला की सगळीकडे बदलावा लागतो, एक जागा राहिली की खातंही लॉक होतं. त्यापेक्षा पीएक्स किंवा सीएनटीएलएम नावाचा छोटा मधला प्रॉक्सी बरा. तो 127.0.0.1 वर, पोर्ट 3128 ला बसतो. पीएक्स तुमच्याच विंडोज लॉगिनने पुढची ओळख पटवतो, टूल्सना पासवर्ड द्यावाच लागत नाही. मात्र आयटीला विचारूनच बसवा.

सर्टिफिकेट: इथे घाई करू नका

बरीच ऑफिसं बाहेर जाणारी एनक्रिप्टेड वाहतूक मध्येच उघडून तपासतात. प्रॉक्सी किंवा फायरवॉल खऱ्या साइटचं सर्टिफिकेट काढून त्याजागी स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट पुढे करतो. ती सही ज्या मूळ सर्टिफिकेटची, ते आयटीने विंडोजच्या साठ्यात आधीच टाकलेलं असतं, म्हणून क्रोम आणि एज काही बोलत नाहीत. पायथन, नोड, जावा स्वतःचे वेगळे साठे बाळगतात. त्यांना ही सही अनोळखी वाटते आणि ते थांबतात. त्यांचं बरोबरच आहे.

खात्री अशी करा. ब्राउझरमध्ये पायपीआयची (पिप जिथून पॅकेजेस घेतो ती) साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट पाहा आणि 'इश्यूड बाय' वाचा. तिथे कंपनीचं किंवा एखाद्या फायरवॉलचं नाव दिसलं, तर हाच प्रकार आहे.

नेटवर शोधलं की पहिला सल्ला दिसतो तो तपासणी बंद करण्याचा: पिपला 'ट्रस्टेड होस्ट', एनपीएमला (नोडच्या पॅकेज टूलला) 'स्ट्रिक्ट एसएसएल फॉल्स', गिटला 'एसएसएल व्हेरिफाय फॉल्स'. कृपया हे करू नका. इन्स्टॉल होणारं पॅकेज तुमच्या मशीनवर कोड चालवतं. समोरचा खरा कोण हे न पाहता कोड घेणं म्हणजे दार सताड उघडं ठेवून झोपणं. शिवाय ही सेटिंग ग्लोबल राहते. संध्याकाळी लॅपटॉप घरच्या किंवा स्टेशनवरच्या वायफायला लागतो तेव्हाही ती चालूच असते.

योग्य मार्गाला दहा मिनिटं लागतात. 'सर्टएमजीआर.एमएससी' चालवा, 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज'मध्ये ते मूळ सर्टिफिकेट शोधा, एक्सपोर्ट करताना 'बेस-64 एनकोडेड' निवडा. साध्या फोल्डरमध्ये, नावात जागा न सोडता, 'ऑफिस-रूट.पेम' म्हणून ठेवा. नोटपॅडमध्ये उघडल्यावर 'बिगिन सर्टिफिकेट' दिसलं पाहिजे; चित्रविचित्र चिन्हं दिसली तर चुकीचा प्रकार निवडला गेला आहे.

आता प्रत्येक टूलला ते सांगायचं. नोडसाठी 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स' या व्हेरिएबलमध्ये फाइलचा पत्ता द्या. हे आधीच्या साठ्यात भर घालतं, म्हणून सुरक्षित. पत्ता चुकला तर नोड फक्त एक इशारा देऊन पुढे जातो आणि जुनीच एरर येत राहते. तो इशारा नजरेतून सुटू देऊ नका. पिपचं 'सर्ट' सेटिंग मात्र साठा बदलून टाकतं. फक्त ऑफिसचं सर्टिफिकेट दिलंत तर ऑफिसात सगळं चालेल आणि घरी, व्हीपीएन नसताना, अडेल. म्हणून पायथनच्या 'सर्टिफाय' पॅकेजमधली 'सीएसर्ट.पेम' घ्या, तिच्या शेवटी ऑफिसचं सर्टिफिकेट चिकटवा आणि ती जोडफाइल द्या. पिप 24.2 आणि त्यापुढचा असेल, सोबत पायथन 3.10 किंवा नवा, तर हा खटाटोपच नको: तो विंडोजचा साठा आपणहून वाचतो. तुमच्या स्वतःच्या पायथन कोडला मात्र हे लागू नाही, आणि पायथन 3.13 पासून त्याची तपासणी आणखी कडक झाली आहे. ऑफिसचं मूळ सर्टिफिकेट नियमाप्रमाणे बनवलेलं नसेल तर 'बेसिक कन्स्ट्रेंट्स' किंवा 'मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर' अशी तक्रार येते. ते दुरुस्त करणं आयटीचं काम, तोवर 3.12 वापरा.

विंडोजवरच्या गिटला 'एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड' 'एसचॅनल' केलं की संपलं. जावासाठी 'कीटूल -इम्पोर्टसर्ट -सीएसर्ट्स', पासवर्ड मुळातला 'चेंजइट'. जेडीके (जावाचा डेव्हलपर संच) नवा टाकला की साठाही नवा येतो, म्हणजे हे पुन्हा करायचं. अँड्रॉइड स्टुडिओ आणि इंटेलिजे आपला वेगळा जावा सोबत आणतात; तुम्ही एकात सर्टिफिकेट टाकलं आणि ग्रेडल (त्यांचं बिल्ड टूल) दुसऱ्यावर चालत असेल, तर काहीच बदलणार नाही. आधी ग्रेडल कोणता जेडीके वापरतो ते बघा. डॉकरच्या कंटेनरला यजमान मशीनचं काहीच माहीत नसतं. डेबियन किंवा उबुंटूच्या इमेजमध्ये फाइल 'यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स'मध्ये कॉपी करून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवावं लागतं, आणि फाइलचं शेपूट '.सीआरटी' असेल तरच ती उचलली जाते.

अर्धवट चालतं तेव्हा

एनपीएम इन्स्टॉल नव्वद टक्के जातं आणि शेवटी पडतं. कारण काही पॅकेजेस आपली मोठी बायनरी एनपीएमच्या रजिस्ट्रीतून (पॅकेजच्या मुख्य साठ्यातून) न घेता इन्स्टॉलच्या शेवटी दुसरीकडून ओढतात. इलेक्ट्रॉन, सायप्रेस आणि पपेटिअर ही नेहमीची उदाहरणं. रजिस्ट्री खुली असून भागत नाही. पिपचंही तसंच: यादी 'पायपीआय.ऑर्ग'वरून येते, फाइली 'फाइल्स.पायथनहोस्टेड.ऑर्ग'वरून. पहिलं नाव खुलं आणि दुसरं बंद, ही परिस्थिती वारंवार दिसते.

गिट क्लोन एसएसएचने टाइमआउट होत असेल तर पोर्ट 22 बंद आहे. गिटहबसाठी '.एसएसएच' फोल्डरमधल्या 'कॉन्फिग' फाइलीत होस्टनेम 'एसएसएच.गिटहब.कॉम' आणि पोर्ट 443 लिहा. एचटीटीपीएसने जाणार असाल तर पासवर्डच्या जागी टोकन लागतं. गिटहबने 2021 पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं आहे.

कॉलेज, लायब्ररी किंवा कॅफेच्या वायफायवर आणखी एक फसवणूक होते. लॉगिनचं पान उघडलेलं नसतं, आणि झिप म्हणून उतरते ती काही केबींची फाइल. ती झिप नसून लॉगिनचं पान असतं. फाइलचा आकार पाहा, मग 'सर्टयूटिल -हॅशफाइल' ने एसएचए256 (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढून साइटवरच्याशी ताडून बघा.

'एनपीएम.पीएस1 कॅनॉट बी लोडेड' ही एरर नेटवर्कची नव्हेच. पॉवरशेल स्क्रिप्ट चालवू देत नाही, 'एनपीएम.सीएमडी' लिहा.

आयटीकडे जाताना

'सर, नेट चालत नाही, जरा बघता का?' असं सांगितलं की समोरचे ब्राउझर उघडून दाखवतात आणि तिकीट बंद होतं. त्यांना ब्राउझरमध्ये दिसत नाही ते तुम्ही लिहून द्यायला हवं. तिकिटाचा मजकूर असा असावा: 'पिप इन्स्टॉल करताना फाइल्स.पायथनहोस्टेड.ऑर्ग, पोर्ट 443, इथे 403 येतो. पायपीआय.ऑर्ग चालतं. वेळ सकाळी 11.20, लॅपटॉपचा आयपी अमुक. प्रोजेक्टसाठी ही पॅकेजेस लागणार आहेत. कर्लचं आउटपुट जोडलं आहे.' वेळ आणि आयपी दिला की त्यांना फायरवॉलच्या लॉगमध्ये नेमकी ओळ सापडते. त्याच तिकिटात विचारा: कंपनीचं आतलं नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी (पॅकेजेस साठवून देणारा सर्व्हर) आहे का? असेल तर पिपचं 'इंडेक्स-यूआरएल', एनपीएमचं 'रजिस्ट्री' आणि जावाच्या मेव्हनच्या 'सेटिंग्ज.एक्सएमएल'मधला मिरर तिकडे वळवला की वरचं बरंचसं करावंच लागत नाही. खरं तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी टीममधल्या जुन्या माणसाला विचारावा.

परवानगी यायला दोन दिवस लागणार असतील, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कंपनीचा लॅपटॉप जोडायचा मोह होतो. मॅनेजरला विचारल्याशिवाय नको. पुष्कळ ठिकाणी तो नियमभंग धरतात. परवानगीने बाहेरून फाइली आणता येत असतील तर 'पिप डाउनलोड -डी' ने त्या एका फोल्डरमध्ये घ्या आणि ऑफिसात 'नो-इंडेक्स' व 'फाइंड-लिंक्स' देऊन बसवा. उतरवणाऱ्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती तीच हवी. मॅकसाठी बांधलेली व्हील (पायथन पॅकेजची तयार फाइल) विंडोजवर बसत नाही. व्हीएस कोडच्या एक्स्टेन्शनसाठी '.व्हीएसआयएक्स' फाइल, व्हिज्युअल स्टुडिओसाठी इन्स्टॉलरला 'लेआउट' पर्याय देऊन तयार केलेलं फोल्डर.

लॅपटॉप स्वतःचा असेल आणि संध्याकाळी कळव्याला किंवा खारघरला घरी गेल्यावर गिट अचानक 'कुड नॉट रिझॉल्व्ह प्रॉक्सी' म्हणू लागला, तर घाबरू नका. ऑफिसचा प्रॉक्सी अजून लागलेला आहे. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल --अनसेट एचटीटीपी.प्रॉक्सी', 'एनपीएम कॉन्फिग डिलीट प्रॉक्सी', मग 'एचटीटीपीएस-प्रॉक्सी'साठी तेच, आणि तिन्ही व्हेरिएबल रिकामी. रोजची ये-जा असेल तर दोन छोट्या स्क्रिप्ट करून ठेवा, एक लावणारी आणि एक काढणारी.