शिडी लावण्याआधी तासभर बसा

फोनवर गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतं, "माळ्यार कायतरी धावता." माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. दिवसा की रात्री?

"रातीचा. डोळ्याक डोळो लागणा नाय."

मग मी सांगतो, ती चानी (म्हणजे खार) न्हय, उंदीर आसतलो.

खार ही दिवसाची जात. उजाडल्यावर तासा-दोन तासांत तिची धावपळ असते, मग ऊन उतरल्यावर पुन्हा. रात्री ती गपगार. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखेच वाटतात, कारण वरून कौलं वाजतात आणि खाली कचरा पडतो. पण आपल्याला या एका प्रश्नावरून कळतं की सकाळी जायचं की संध्याकाळी. शहाळं देठाजवळ पोखरलेलं खाली पडत असेल, तर त्याचा आळही खारीवर घेऊ नका. ते बहुतेक वेळा उंदराचं काम असतं.

मी मूळचा वायरमन. आयटीआय करून मालवण तालुक्यात घरांची वायरिंग करत होतो. एका घरात वर्षभरात तीनदा तीच तार बदलली. तिसऱ्या वेळी जुना तुकडा उजेडात धरून बघितला. प्लास्टिक वीतभर सोललेलं, आणि कडेला दोन-दोन दातांच्या जोडीने चरे, इतके ताजे की आतला पांढरा रंग दिसत होता. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला काहीतरी कुरतडावंच लागतं. तार काय, वाशाचं टोक काय, सोलरच्या पाइपावरचं काळं फोम काय. मी तारेचे पैसे घेत होतो आणि ती कुठून आत येते त्याकडे ढुंकून बघत नव्हतो. त्या दिवशी पहिलं भोक बंद केलं. आज घरात शिरणाऱ्या खारी-उंदरांचा बंदोबस्त हेच माझं मुख्य काम आहे, वायरिंग जोडीला. हल्ली दोन-चार मुलं विचारतात, दादा, यात कसं शिरायचं? त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, हे पकडायचं काम नाही. पिंजरे घेऊन येणारे असतात, एक खार पकडतात, पैसे घेतात, आठवड्यात दुसरी येते. भोक तिथंच असतं ना. आपलं काम पुस्तकासारखं घर वाचण्याचं आहे. कुठल्याही घरी गेलात की शिडी गाडीवरच राहू द्या. खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची मागून घ्या, चहा देतील तो घ्या आणि तासभर छपराकडे बघत बसा. गिऱ्हाइकाला वाटतं हा फुकट बसलाय, म्हणून मी फोनवरच सांगून ठेवतो. तासाभरात घर तुम्हाला सगळं दाखवतं. कुठल्या माडाची झावळी कौलांना टेकली आहे. फणसाची फांदी कुठवर आली आहे. विजेच्या खांबावरून आलेल्या तारेवरून, डिशच्या केबलवरून खार कशी सरळ पागोळीवर उतरते. आणि ती नाहीशी नेमकी कुठे होते. ते एक ठिकाण सापडलं की पुढचं सोपं.

तोंडात काय आहे तेही बघा. काथ्या, कापसाचा बोळा, चिंधी घेऊन आत जात असेल तर घरटं बांधतेय. रिकाम्या तोंडाने दिवसातून अनेकदा आत-बाहेर करत असेल, तर आत पिल्लं असण्याची शक्यता धरा. जवळ जाऊन कान द्या, बारीक चिवचिव ऐकू येते. इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करणार.

वेंगुर्ल्याकडचं एक घर, मालक मुंबईला. दुसऱ्या दिवशी सकाळची त्यांची परतीची गाडी होती, म्हणून घाई. खार बाहेर गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आणि भर दुपारी वाशाजवळच्या फटीवर जाळी ठोकून मोकळा झालो. संध्याकाळी शेजारच्या काकूंचा फोन, "अरे ती चानी जाळयेक लटाकली हा, तोंडातना रगत येता." गेलो, जाळी उपटली. आत काथ्याच्या गोळ्यात तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली, अंगावर केस नाहीत. एक थंड पडलं होतं. मी लांब जाऊन उभा राहिलो. अंधार पडायच्या आत आईने उरलेली दोन एकेक करून तोंडात धरून नेली, शेजारच्याच पडवीत. पुढच्या आठवड्यात त्या काकूंचाच फोन आला, की आता आमच्या माळ्यावर कायतरी धावता. त्यांचं काम मी दोन महिने थांबून केलं, पैसे न घेता.

तर पिल्लं असतील तर थांबायचं. ती आईमागून बाहेर हिंडायला लागेपर्यंत दीड-दोन महिने जातात. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण नीट सांगितलं तर ऐकतं. आपल्याकडे खारीच्या पाठीवरच्या रामाच्या बोटांची गोष्ट प्रत्येक घरात कुणीतरी सांगतंच, तिला मारायला सहसा कुणी धजत नाही. थांबायच्या काळात करण्यासारखं बरंच असतं, तारांवर पाइप चढवा, फांद्या तोडा, बाकीची भोकं बंद करा. पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर गाईचं दूध पाजू नका. टोपलीत मऊ कापड घालून भिंतीजवळ उंचावर, मांजर पोचणार नाही असं ठेवा. आई बहुतेक वेळा घेऊन जाते.

आत पिल्लं नाहीत याची खात्री झाली की एकतर्फी दार. अर्धा इंची जाळीची हातभर लांब नळी करायची, ती मुख्य भोकावर घट्ट बसवायची आणि बाहेरच्या टोकाला पातळ पत्र्याची झडप टांगायची, फक्त बाहेरच्या बाजूने उघडणारी. खार ढकलून बाहेर पडते, परत आत येता येत नाही. त्याआधी बाकीच्या सगळ्या फटी बंद झालेल्या हव्यात, नाहीतर ती नळीकडे बघणारही नाही. तीन-चार कोरडे दिवस ठेवा. मग आत भोकाच्या तोंडाशी चुलीतली राख पातळ पसरा. दोन दिवस राखेवर पाऊल उमटलं नाही तर नळी काढून कायमची जाळी.

जाळीबद्दल जरा सविस्तर, कारण नवे इथंच मार खातात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी घेऊ नका, ती पातळ तार खार तोडते. वेल्डेड, अर्धा इंची, जाड गेजची घ्या; गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड, हे दुकानदाराला उलटं सांगू नका. समुद्रापासून लांब, कुडाळ-कणकवलीकडे, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी बरी टिकते. देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर खारा वारा तिचा भुगा करतो. तिथे मी स्टेनलेसची लावतो, अगदी लाटांच्या समोर घर असेल तर ३१६ ग्रेडची, खाऱ्या हवेत जास्त टिकणारी. स्क्रूही स्टेनलेसचेच. स्टेनलेसला जस्ताचे खिळे मारले तर त्या खाऱ्या ओलीत खिळेच आधी खलास होतात, जाळी तशीच लोंबत राहते. माझ्याच एका कामात हे झालंय, म्हणून ठामपणे सांगतो.

भरून टाकायला फवारून फुगणाऱ्या फोमचा डबा सगळ्यांना आवडतो. खारीला तो जास्त आवडतो. जांभ्याच्या भिंतीत भोक असेल तर आधी जाळीचा बोळा कोंबा, मग वर सिमेंट. नुसतं ओलं सिमेंट ती सुकायच्या आत उकरते.

कौलारू घरात फटी कुठे असतात? मंगलोरी कौलाला पन्हळ असते, त्यामुळे वळचणीच्या पहिल्या ओळीखाली मोकळं तोंड राहतंच. वासे भिंतीवर टेकतात तिथे, दोन वाशांच्या मधे. आढ्यावरचं कौल सरकलेलं असेल तिथे. डोकं गेलं की अंग जातं. आपल्याला बारीक दिसणारी फट तिला दिंडी दरवाजा असते. रोजच्या वाटेवरचं लाकूड बघा, कडा गुळगुळीत झालेल्या असतात, मळकट तेलकट डाग आणि एखाद-दोन राखाडी केस अडकलेले. जाळी कौलाखालून, आतल्या बाजूने मारायची, पन्हळीत कधीच नाही. आपल्याकडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. पन्हळीत जाळी आली की पानं अडकतात, पाणी माजघरात. आणि सगळं सिमेंटने लिंपूनही टाकू नका. माळ्याला वारा हवा, नाहीतर वासे कुजतात. कौलावर पाय देताना तो खालच्या वाशाच्या रेषेत पडला पाहिजे, कौलाच्या पोटावर नाही.

म्हणून कामाचा हंगामही ठरलेला. भातकापणी आटोपली की सुरू, मे महिन्यात घर शाकारतात तेव्हा सगळ्यात बरं, कारण कौलं खाली उतरलेलीच असतात आणि हवं तिथे हात पोचतो. शाकारणी करणाऱ्यांशी ओळख ठेवा, माझी निम्मी कामं त्यांच्याकडून येतात. चाकरमान्यांना मात्र गणपतीच्या आठ दिवस आधी जाग येते. तेव्हा कौलांवर शेवाळ असतं. कितीही ओळखीचं घर असो, वर चढायचं नाही. खालून तारा तपासून द्या, बाकी दिवाळीनंतर.

वर हात घालण्याआधी मेन स्विच बंद. हे वायरमन म्हणून सांगतोय. कुरतडलेली तार ओल्या वाशाला टेकलेली असेल तर वासासुद्धा झटका देतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर गिऱ्हाइकाला बसवायला लावा. हातमोजे आणि तोंडाला मास्क घाला. माळ्यावर उंदरांचा मूत असतो आणि त्यातून होणारा लेप्टोचा ताप आपल्याकडे नवा नाही. दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप आला, तो गोचिडांमार्फत पसरतो. त्या बाजूला काम असेल तर पूर्ण बाह्या घाला, घरी येऊन अंग तपासा. खार चावली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि डॉक्टरला दाखवा. आणि अंधाऱ्या माळ्यात आधी विजेरी मारा, मग डोकं घाला. उंदरांच्या मागून धामण येते. ती बिनविषारी, पण पहिल्यांदा समोर दिसली की शिडीवरून पडायला तेवढं पुरतं.

गिऱ्हाईक विषाच्या वड्या मागेल. मी देत नाही. विष खाल्लेलं जनावर नेमकं आपल्याला पोचता येणार नाही तिथे मरतं, पंधरा दिवस घरात बसवत नाही, आणि ते खाणारं घुबड, मांजर हकनाक जातं. चिकट पुठ्ठ्यावर तडफडणारी खार एकदा बघितली की तुम्हीही तो विकणार नाही. डांबरगोळ्या, मिरचीची धुरी, भिंतीत खोचायची आवाजाची यंत्रं, हे सगळं घरोघर करून झालेलं असतं. असतं म्हणूनच तर तुम्हाला फोन येतो. शिवाय किडे-उंदीर मारण्याची औषधं धंदा म्हणून वापरायची तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. आपण जाळीवाले, त्या वाटेला जात नाही.

कायद्याचं आणखी एक. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत नारळावर येतो. मोठा, तांबूस, झुबकेदार शेपटीचा. त्याला हात लावायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो. साधी पट्ट्यांची खारही पिंजऱ्यात धरून पाच मैलांवर सोडून येणं हा उपाय नव्हे. अडचण वाटली तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर विचारा.

झाडांचं थोडक्यात. छपरापासून दोन-अडीच मीटरपर्यंत झावळी, फांदी येऊ देऊ नका. एकट्या माडाला जमिनीपासून दोन मीटर उंचीवर हातभर रुंद गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळला तर चढणारं घसरतं. पण शेजारच्या माडाच्या झावळ्या भिडत असतील तर पट्टा नुसता शोभेला. आणि पट्टा दरवर्षी सैल करा, त्याच्या आड पाणी साचतं.

पैशांचं सांगतो. जाळी रनिंग फुटावर, म्हणजे लांबीच्या दर फुटाला, बघण्याचे वेगळे. सुरुवातीला मला बघण्याचे पैसे मागायला लाज वाटायची, म्हणून मी गरज नसलेली जाळीही मारायचो. आता बघून आल्यावर भोकांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, प्रत्येकाला आकडा देतो, मग दर. मुंबईत बसलेल्या मालकाला घर दिसतं, घासाघीस कमी होते. थोडे पैसे मागे ठेवायला मीच सांगतो, पंधरा दिवसांनी परत जाऊन बघतो तेव्हा घेतो.

गेल्या महिन्यात आचऱ्याला असाच परत गेलो. आजी एकट्या राहतात. त्या तुळशीजवळ तांदळाची कणी टाकत होत्या आणि दोन चानी पायाशी येऊन खात होत्या, ज्यांना मी माळ्यावरून बाहेर काढलं त्याच असाव्यात.

"आजी, तुम्हीच बोलवतास मगे."

"खळ्यात येवंदे. माळ्यार नको."

वर जाऊन राख बघितली. मांजराचे पंजे होते, चानीचं एकही पाऊल नव्हतं. उरलेले पैसे घेतले, चहा झाला, निघालो.