ऑपरेशननंतर भाकर, चून आणि ठेचा परत ताटात कसा आणायचा

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन मला चार महिने झाले होते आणि मारुतीजवळ रोडग्यांचा कार्यक्रम होता. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तुपाची धार. वास आला आणि मी विसरलेच की आपलं पोट आता पहिल्यासारखं राहिलं नाही. सुपारीएवढा तुकडा तुपात बुडवून घाईघाईत गिळला, आणि दोन मिनिटांत तो छातीच्या मधोमध असा अटकला की तोंडाला पाणी सुटून नुसता फेस येत होता. पंगतीतून उठले आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अर्धा तास घाम पुसत बसले.

चूक रोडग्याची नव्हती. तोवर मी घरी पोळीसुद्धा खाऊन पाहिली नव्हती आणि एकदम रोडग्याला हात घातला. आवडीची गोष्ट परत खाता येते, बहुतेक सगळ्याच येतात, पण एकावेळी एकच आणायची आणि तिचं रूप थोडं बदलून आणायची, एवढं मला त्या धुऱ्यावर बसून समजलं. ते कसं करायचं ते आता सांगते.

पायरी १ : आधी कागद, मग चूल

माझं ऑपरेशन स्लीव्हचं. त्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते ती केळाच्या आकाराची नळी. दुसरं असते ते बायपास, हृदयाचं नाही, पोटाचंच. त्यात वर साधारण ३० मिलीची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीची दोन-तीन झाकणं भरतील एवढीच जागा. म्हणून शेजारणीच्या भावानं तिसऱ्या आठवड्यात मटण खाल्लं असंल तरी आपण खायचं नाही. साधारण क्रम असा असतो की पहिले दोन आठवडे पातळ, मग दोनेक आठवडे घोटलेलं, मग मऊ शिजलेलं आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर हळूहळू घरचं जेवण. पण तुमच्या आहारतज्ज्ञाचा कागद जे म्हणेल तेच फायनल.

एक काम मात्र नक्की करा, त्यांना आपल्या पदार्थांची नावं सांगा. माझ्या कागदावर सूप, दलिया, कॉटेज चीज असं काय काय होतं, मी नागपूरला तपासणीला गेले तेव्हा विचारलं की मॅडम कण्या (भरडलेली ज्वारी) चालतील का, चून (पिठलं) चालेल का, फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) चालतील का. त्यांनी बसून एकेक लिहून दिलं. न विचारता आले असते तर दलिया शोधत तालुक्याला चकरा मारल्या असत्या आणि घरात ज्वारीचं पोतं तसंच राहिलं असतं.

पायरी २ : वही घाला

पोरांची अर्धी भरलेली वही घेतली तरी चालते. तारीख, काय खाल्लं, किती चमचे, कसं शिजवलं होतं, अर्ध्या तासानं कसं वाटलं, दोन तासांनी कसं वाटलं. नवीन पदार्थ एकावेळी एकच, दोन-तीन दिवस तोच थोडा थोडा, मग पुढचा. पहिल्यांदा खायचा तो दुपारी आणि घरी. लग्नात नाही, यष्टीत नाही, रात्री तर मुळीच नाही. नाही मानवला तर वहीत फुली मारायची आणि दोन-तीन आठवड्यांनी परत पाहायचं. माझी तुरीच्या वरणावर पहिल्यांदा फुली आहे, आज तेच रोज खाते.

पायरी ३ : खायची पद्धत

हे कंटाळवाणं आहे पण यावरच सगळं चालतं. चहाचा चमचा, छोटी वाटी, एक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग दुसरा घास. जेवण वीस ते तीस मिनिटं. जेवताना पाणी नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही, मधल्या वेळात घोट घोट करत दिवसभरात दीड-दोन लिटर. आमच्याकडं ताटाजवळ तांब्या ठेवायची सवय, हात आपोआप जातो, मी तांब्या चक्क दुसऱ्या खोलीत ठेवत होते.

पोट भरल्याची खूण आता वेगळी येते. कोणाला उचकी लागते, कोणाला शिंक, कोणाचं नाक गळते, छातीत थोडं दडपल्यासारखं होते. मला नाक गळते. ते झालं की थांबायचं, वाटीत एक घास उरला तरी थांबायचं, फेकायचं जिवावर येत असंल तर घरातल्या दुसऱ्या कोणाला द्या.

पायरी ४ : आधी प्रोटीन, मग बाकीचं

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात. ऐकायला कमी वाटते पण एका अंड्यात सहा ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ-एक. म्हणून पहिले घास याचेच, भाकर-भाताची पाळी नंतर. आपण इतकं सोयाबीन पिकवतो आणि सगळं मार्केटला नेऊन घालतो, खात मात्र नाही. सोयावडी २५ ग्रॅम कोरडी मोजली तर त्यात बाराच्या वर प्रोटीन निघते. भिजवायची, घट्ट पिळायची, मिक्सरमधून काढायची आणि भेदराच्या (टोमॅटोच्या) रश्श्यात मऊ शिजवायची, अख्खी वडी रबरासारखी लागते, ती नको.

पायरी ५ : आता आवडीचं एकेक

चून सगळ्यात आधी परत आलं. पातळ, तेल एक चमचा, मिरची नाही, हिंग आणि ओवा जास्त कारण बेसनानं गॅस धरते. पाटोडी, म्हणजे बेसनाची वडी, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, रश्श्यात चांगली भिजलेली.

कण्या म्हणजे माझा जीव. ज्वारी भरडायची, पाण्यात पार मऊ शिजवायची, थंड झाल्यावर ताकात कालवायची, मीठ-जिरं. दूध मला ऑपरेशननंतर सोसेना, पोट गुडगुड करायचं, बऱ्याच जणांचं असं होते, ताक-दही मात्र चाललं.

भाकरीचं सांगते, कारण इथं सगळे फसतात. आपल्याला वाटते मऊ, लुसलुशीत पोळी आधी चालेल आणि भाकर नंतर. मला उलटं निघालं. मऊ पोळीचा तोंडात कणकेचा गोळा होते आणि तोच खाली जाऊन बसते. त्यापेक्षा चांगली भाजलेली ज्वारीची भाकर घ्या, तिचा वरचा पातळ पापुद्रा तेवढा सोलून काढा, खालचा जाड भाग घरच्यांना द्या, पापुद्रा बोटांनी चुरून वरणात पाच मिनिटं भिजू द्या आणि चमच्यानं खा. पहिल्या दिवशी दोन चमचे. मी महिनाभर पापुद्राच खाल्ला, सासूबाई म्हणायच्या, ‘अवं, भाकरीचं सालटं खाऊन कोणाचं पोट भरलं का?’ माझं भरायचं.

भात फुगते आणि एकमेकाला चिकटते, त्याची घाई करू नका. गोळाभात असंल तर भात दुसऱ्याला द्या आणि गोळा आपण ठेवा, कढीत कुस्करून. डाळच आहे ती.

ठेचा आणि तर्री दोन-तीन महिन्यांनंतर, डॉक्टरला विचारून. चमच्याचं टोक ठेच्यात बुडवून दह्यात फिरवायचं, एवढीच सुरुवात. सावजी रस्सा मी अजून घेत नाही, पण त्यातली चिकनची फोड बाजूला काढून, रस्सा निथळून, बारीक तोडून खाते. मटणाचे दोरे दोरे होतात म्हणून आधी अंडं, मग मासोळी, मग चिकनचा खिमा, मटण सगळ्यात शेवटी.

संत्रं. बागेतून येतानाच सोलून फोडी तोंडात टाकायची सवय आपली, ती आता नाही. पांढरे दोरे आणि फोडीची साल पोटात नीट विरघळत नाही, ऑपरेशन झालेल्या पोटात त्याचा गोळा होऊन अटकायची भीती असते. फोड उकलायची, आतला गर तेवढा चावून खायचा, साल थुंकायची. रस काढून पिऊ नका, ती नुसती साखर.

गोडाचं तसंच. जिलेबी, आंब्याचा रस, गुळाचा शिरा असं काही पोटातून झटक्यात आतड्यात उतरलं की दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम येते, मुरडा येते, संडासला पळावं लागते. याला डंपिंग म्हणतात. कधी एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन हातपाय थरथरतात. बायपासवाल्यांना हे जास्त, स्लीव्हवाले सुटले असं नाही. पोळ्याच्या दिवशी मी पुरण चमचाभर खाते, तेही जेवण झाल्यावर, पोळी नाही.

आणि आलूबोंडा? खरं सांगू, तो सहज उतरते, आणि भीती त्याचीच आहे. शेव, चिवडा, चहात बुडवलेलं बिस्कीट, हे काहीच अटकत नाही, पोटही भरत नाही, तासाभरात पुडा खलास होते. मी बसस्टँडवर आलूबोंडा घेते तो चौघांत एक, तेही महिन्यातून एखाद्या वेळी. सोड्याच्या बाटल्या पूर्ण बंद. खर्राही बंद, तंबाखूनं आत जखम होते, आणि दारू या पोटातून पटकन चढते, पहिल्यासारखी नाही.

पायरी ६ : पंगत कशी निभवायची

घरून खाऊन जा. आणि बसू नका, वाढायला उभे राहा. वाढणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही, हातात वरणाची बादली असली की सगळे तुमच्याकडं मागतात. तरी कोणी धरलंच आणि ‘काव बाई, चिमणीवानी काय खाते?’ म्हटलं तर मी सांगते, पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरनं मनाई केली. कोणतं ऑपरेशन ते सगळ्या गावाला सांगायची गरज नाही बाप्पा.

पायरी ७ : गोळ्या, आणि कधी दवाखाना

बी-१२, लोह, कॅल्शियम, डी या गोळ्या सांगितल्या असतील त्या चुकवू नका, बऱ्याच जणांना त्या जन्मभर घ्याव्या लागतात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, लोहाच्या गोळीवर चहा नाही. निंदणाच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दुकानातून अंगदुखीची गोळी आणून टाकायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी पोटात अल्सर होते, बायपासवाल्यांना तर जास्तच, आधी फोन करून विचारा.

दिवसभर पाणीसुद्धा टिकत नाही, ताप आला, नाडी जोरात चालते, पोटात जोराची कळ आहे, संडास काळी झाली, यापैकी काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आमच्याकडून नागपूर तीन तास लागते, रात्री गाडी मिळत नाही, म्हणून गावातल्या गाडीवाल्याचा नंबर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. आणि चार-पाच दिवस उलट्या सुरू असतील तर ‘अटकलं असंल काही’ म्हणून सोडू नका, त्यानं बी-१ जीवनसत्त्व कमी होऊन पाय बधिर पडू शकतात, चालताना तोल जाते.

माझ्या वहीत रोडग्यासमोर अजून फुली आहे. आठ महिन्यांनी परत पाहिला, वरचा कडक भाग काढून आतला पदर वरणात चुरला, अर्धी वाटी गेली, म्हणून फुलीच्या बाजूला अर्धी बरोबरची खूण केली. पुढच्या ओळीवर हुरडा लिहिलाय. कोवळा, दोन चमचे, दह्यासोबत चावून चावून, वावरात नाही, घरी.