सारांश मागितला आणि उताराच परत आला? शिकवताना या चुका टाळा

दहावीच्या मराठीच्या (कुमारभारती) कृतिपत्रिकेत पत्रलेखनाला पर्याय म्हणून अपठित उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश विचारतात. तयारीही बरेचदा दहावीतच सुरू होते. खरं तर पाचवीपासून आठवड्याला एक उतारा पुरतो. 50-60 शब्दांचा, मुलांच्या ओळखीच्या विषयावरचा. विदर्भातल्या कापूसपट्ट्यात असा चालेल (54 शब्द; पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड):

«कापसाची शेवटची वेचणी झाली तरी काही शेतकरी पऱ्हाटी उपटत नाहीत. पाणी देऊन बोंडं धरतात. यालाच फरदड म्हणतात. दोन पैसे जास्त मिळतात, हे खरं. पण हिरवी बोंडं शेतात राहिल्यामुळे गुलाबी बोंडअळीला खायला मिळत राहतं, तिची साखळी तुटत नाही आणि पुढच्या हंगामात ती लवकर येते. म्हणून डिसेंबरअखेर वेचणी संपवून पऱ्हाटी काढावी, असा कृषी विभागाचा सल्ला असतो.»

पुस्तक उघडं ठेवून लिहायला लावणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समोर तयार वाक्य दिसत असताना मूल स्वतःचं कशाला बनवेल? ते पहिल्या दोन ओळी आणि शेवटची एक उतरवून मोकळं होतं. वरच्या उताऱ्यात तसं करून पाहा: ना फरदड येते, ना बोंडअळी. सल्ला आला, कारण राहिलं.

उतारा दोनदा वाचून घ्या, पुस्तक मिटवा, शेजारच्याला तोंडी सांगायला लावा आणि मगच वही उघडू द्या. मूल म्हणेल, ‘फरदड ठेवली त अळीले खायले भेटते, मंग थे पुढच्या वर्षी लवकर येते.’ इथे ‘नीट बोल’ म्हणून अडवू नका. मुद्दा त्याला कळलाय. ‘अळीले’चं ‘अळीला’ वहीत करता येतं. बोलताना अडवलं की ते पुन्हा पुस्तकातल्या वाक्याच्या आडोशाला जातं.

‘महत्त्वाचं अधोरेखित करा’ एवढंच सांगणं. पेन्सिल हातात आली की सगळं पान रंगतं. मर्यादा द्या: या उताऱ्याला सहा शब्द. त्यात ‘पण’ आणि ‘म्हणून’ हवेतच, कारण उतारा वळतो तो तिथे. मुलं नेमके हेच सोडतात आणि नुसती नामं गोळा करतात. मग असा सारांश जमतो (18 शब्द):

«फरदड घेतल्याने थोडं जास्त उत्पन्न मिळतं; पण गुलाबी बोंडअळीची साखळी चालू राहते. म्हणून डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढण्याचा सल्ला असतो.»

शब्द दोनचार इकडेतिकडे झाले तर चालतात. ओळी मोजू नका; अक्षर बारीक-मोठं असतं. ‘या उताऱ्यात लेखक असे म्हणतो की’ ही सुरुवात मात्र खोडाच, 18 पैकी सहा शब्द तिथेच जातात.

घरचं ज्ञान शिरू देणं. ओळखीच्या विषयाचा हा तोटा. कोणी फवारणीचं औषध लिहितं, कोणी कापसाचा भाव. ‘हे उताऱ्यात कुठे आहे? बोट ठेव,’ एवढं विचारा. ‘सल्ला असतो’चं ‘काढलीच पाहिजे’ झालं असेल, तर तेही असंच पकडता येतं.

सगळ्या वह्या स्वतःच तपासणं. द्विशिक्षकी शाळेत ते होत नाही, मग सरावच बंद पडतो. पाचवीचा सारांश उतारा न वाचलेल्या चौथीच्या मुलाला द्या आणि त्याला विचारा, ‘पऱ्हाटी का काढायची?’ उत्तर अडलं, तर वही मूळ मालकाकडे परत.