कोणी करायची?

महापेच्या एका औषध कंपनीत अकरा वर्षं मी कार्यपद्धतीचे कागद लिहिले. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि नवख्या सेक्रेटरींसाठी पुस्तिका काढायचं डोक्यात आलं. लिहिणं काय, हातचा मळ! दोन महिन्यांत लिहूनही झालं. घासूनपुसून घ्यायला मात्र सात महिने गेले.

पहिला मसुदा बायकोला वाचून दाखवला. 'थकबाकी वसूल करण्याबाबत कार्यवाही करण्यात यावी' इथे तिने थांबवलं. "कोणी करायची?" मला उत्तर देता येईना. वाक्य बदललं: 'सेक्रेटरीने थकबाकीदाराला लेखी नोटीस द्यावी.' मग मसुदाभर 'करण्यात यावी' शोधत सुटलो. अर्ध्या ठिकाणी तर काम नेमकं कोणाचं, हे मलाच ठाऊक नव्हतं. ऑफिसच्या भाषेखाली अज्ञान छान झाकलं जातं. म्हणून आपलं लिखाण मोठ्याने वाचा, आणि समोर कोणीतरी बसवून वाचा.

शुद्धलेखन शेजारच्या निवृत्त शिक्षिका काकूंनी तपासलं. मी सगळीकडे 'वकीलाला' लिहिलं होतं. त्यांनी लाल पेनने 'वकिलाला' केलं. मी लगेच शहाणपणा करून 'समूहाला'चंही 'समुहाला' केलं, तर त्यावर फुली! शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे, तिथे दीर्घ ऊ तसाच राहतो.

मग डीटीपी, म्हणजे संगणकावर पानांची मांडणी. माझा मजकूर युनिकोडमध्ये, त्यांचा फॉन्ट जुना. फॉन्ट बदलताना 'कार्यालय'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. तेव्हा संगणकावर तपासलेली प्रत शेवटची मानू नका, मांडणी झाल्यावर कागदावर पुन्हा वाचा. मी वाचलं, पण अनुक्रमणिका सोडून. शेवटच्या क्षणी अक्षर मोठं केलं होतं, पानं सरकली, अनुक्रमणिकेतले आकडे जुनेच राहिले. 500 प्रतींत घरच्या सगळ्यांनी बसून शुद्धिपत्रं चिकटवली. खळ आणि वास, दोन्ही आठवडाभर घरात.

छपाई 16 पानांच्या फॉर्मवर, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या गटावर होते. माझी पानं 107 भरली, म्हणजे सात फॉर्म, 112 पानं. उरलेल्या पाच पानांवर नोटिशीचे नमुने टाकले. वाचकांना तेच सर्वांत उपयोगी वाटले, हे जरा लागलंच.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, मला एकाने पैसे मागितले होते. देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज केला की तो मोफत मिळतो, लेखकाने स्वतः प्रकाशित करायचं ठरवलं तरी. आणि प्रकाशक तुम्ही, म्हणजे 1954च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्याही तुम्हीच.

हिशेब सांगतो. एका प्रतीला खर्च 78 रुपये, किंमत 200. विक्रेत्याने 40 टक्के कापले, हाती 120. त्यातून गठ्ठे पोहोचवायची रिक्षा. 500चा मोह झाला तो एका प्रतीचा दर उतरतो म्हणून. दिवाणाखाली अजून दोन गठ्ठे आहेत. आज पुस्तिका काढायची असती तर डिजिटल छपाईने शंभरच काढल्या असत्या, दर जास्त पडला तरी.

परवा काकूंनी पान 63 उघडून दाखवलं. 'वकीलाला.'